तळाचा रंग

होडी शेडमध्ये आली त्या आठवड्यात हातकणंगल्यापासून शिरोळपर्यंतच्या ओळखीच्या आणि बिनओळखीच्या माणसांनी अण्णासो चौगुल्यांना एकच प्रश्न विचारला. महापुरासाठी आणली काय? प्रश्न वावगा नव्हता. आमच्याकडे होडी दिसते ती कृष्णा-पंचगंगा पात्र सोडून गावात शिरल्यावर, आणि तिच्यातून माणसं उतरतात ती गाठोडी आणि शेळ्या घेऊन. कुणी हौसेनं होडी बाळगतं ही गोष्ट आमच्या डोक्यात सहजी शिरत नाही. शिवाय ही होडी नेहमीसारखी सपाट नव्हती. पोटाखाली माणसाच्या छातीएवढ्या उंचीचं शिशाचं वजन, मागे सुकाणू, आणि डोलकाठी काढून वर आडवी बांधलेली. ऊस वाहायच्या ट्रॉल्यांच्या रांगेत लोखंडी घोड्यांवर तिला उभी केली, तेव्हा ती चुकीच्या मांडवात येऊन बसलेल्या पाहुणीसारखी दिसत होती.

अण्णासोंचा कारखाना ट्रॉल्यांचा, कोल्हापूर-सांगली रस्त्याला लागून. वेल्डिंग कुणीही करेल, पण रंगाचा शेवटचा हात अण्णासोंचा, हे गिऱ्हाईकालाही ठाऊक. त्यांनी रंगवलेलं ट्रॉलीचं फाळकं पाच हंगाम ऊन-पावसात राहिलं तरी पोपडा धरत नाही. या बाबतीत त्यांना गर्व होता, आणि बाकी कशाचा नव्हता असं मी म्हणणार नाही.

अभिनंदन त्यांचा एकुलता मुलगा. पुण्यात कंपनीत नोकरी, बायको रोहिणीही तिथेच. सुट्टीच्या दिवशी मुंबईला जाऊन दोघं शिडाची होडी चालवायला शिकली, आणि शिकता शिकता इतकी बिघडली (हा शब्द अण्णासोंच्या बायकोचा, राजमतींचा) की नोकऱ्या सोडून एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याकडून ही जुनी होडी घेऊन मोकळी झाली. बेत असा, की पावसाळा संपला की रत्नागिरीला होडी पाण्यात सोडायची, गोवा, कोची करत लक्षद्वीपला जायचं, तिथून मालदीव, आणि पुढचं पुढं. निदान दोन वर्षं घरी यायचं नाही. होडीतच राहायचं.

अण्णासो रागावले की बोलत नाहीत. आठवडाभर ते बोलले नाहीत, आणि मग फोन करून म्हणाले, "पावसाळाभर ती मुंबईत कशाला भिजवत ठेवतोस? आपल्या शेडात आण. काय दुरुस्ती करायची ती हितं कर."

अभिनंदनला वाटलं, बाप विरघळला. बापाच्या मनात होतं की चार महिने पोरगं आईच्या हातचं खाईल, गाव हसेल, आणि दिवाळीपर्यंत खूळ उतरेल. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही धड सांगितलं नाही.

पण हातात काम आलं की माणूस फितूर होतो. होडीच्या तळाला भोकं असतात हे कळलं तेव्हा अण्णासो हादरलेच. पाणी आत घ्यायला, सांडपाणी बाहेर सोडायला भोकं, आणि प्रत्येक भोकाला आतून व्हॉल्व्ह. त्यातला एक त्यांनी फिरवून बघितला, तर दांडाच मोडून हातात आला.

"ह्याच्या भरवशावर जाणार हुता व्हय रे तुम्ही?" ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः कामाला लागले.

सगळे व्हॉल्व्ह बदलले. डोलकाठीला चारी बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा नव्या घातल्या. त्या ज्या पट्ट्यांना अडकतात त्या पट्ट्या अण्णासोंनी जाड स्टीलच्या करून दिल्या, अभिनंदननं सांगितलं होतं त्याच्या दुप्पट जाड, आणि त्यावरून बापलेकात वाजलं. सुकाणूचा दांडा लेथवर चढला. शेतात आणि शेडमध्ये दोन्हीकडे राबणाऱ्या कृष्णातनं सोलर पॅनेलची चौकट जोडली आणि म्हणाला, "अण्णा, हिला मागं हूक मारूया. जाता जाता दोन ट्रॉल्या ऊस तरी न्हेईल." राजमती घरात शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची चटणी करत होत्या, सगळी बिनलसणाची, आणि सुनेला बजावत होत्या, "समुद्रावर काय मिळंना झालं तर उपाशी ऱ्हावा, पर माशाला हात लावायचा न्हाय."

श्रावण सरला. होडी आतून-बाहेरून उभी राहिली, आणि राहिला फक्त तळाचा रंग.

त्याचं महत्त्व अभिनंदननं चहाच्या वेळी सांगितलं. समुद्राच्या पाण्यात होडी नुसती उभी राहिली तरी तिच्या तळाला जीव धरतो. आधी शेवाळ, मग बारीक शिंपल्यांसारखे कडक कवचाचे जीव. एकदा चिकटले की तासल्याशिवाय निघत नाहीत. होडी जड होते, निम्म्यानं चालते, आणि बरोबरचं पाणी, धान्य सगळं वेगाच्या हिशेबानं भरलेलं असतं. म्हणून पाण्याखालच्या भागाला एक वेगळा रंग लावतात. त्यात तांबं असतं. ते पाण्यात जरा जरा सुटत राहतं, आणि चिकटायला आलेला जीव...

त्यानं वाक्य तिथेच सोडलं. आपण कुणाशी बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं होतं.

"मरतो," अण्णासो म्हणाले.

"चिकटत न्हाय, अण्णा."

"मरतो म्हणून चिकटत न्हाय."

काही वर्षांपूर्वी चातुर्मासाला आलेल्या जैन मुनिमहाराजांसमोर अण्णासोंनी श्रावकाची व्रतं घेतली होती. सूर्यास्तानंतर जेवण नाही, कंदमुळं नाहीत, पाणी गाळूनच प्यायचं, खोटं बोलायचं नाही, आणि ठरवून, जाणूनबुजून कुठल्याही जिवाला मारायचं नाही. पोटासाठी शेतात, धंद्यात जे घडतं ते वेगळं, त्यातून गृहस्थाला सूट असते. अण्णासो ती सूट जपून वापरत. उसावर कीड पडली की औषध फवारावंच लागतं. पण फवारणीच्या दिवशी ते बांधावर रस्त्याकडे तोंड करून उभे राहत, हे अभिनंदननं लहानपणापासून बघितलेलं होतं.

"उसावर औषध कोण मारतंय, अण्णा?" त्यानं विचारलं.

"कृष्णात."

"मग ह्यो रंग पण कृष्णातलाच लावू द्या की."

बोलून गेल्यावर त्याचं तोंड उतरलं. पण शब्द गेला होता, आणि तो जिथे लागायचा तिथे लागला. अण्णासोंनी कपबशी खाली ठेवली.

"माझ्या शेडातला रंग दुसऱ्यानं लावलाय व्हय कधी? मी लावतो."

दोन दिवसांनी अभिनंदन आणि रोहिणी शिडं शिवून आणायला आणि रेडिओ घ्यायला मुंबईला गेली. जाताना रंगाचे डबे, रोलर आणि तोंडाला लावायचा मास्क टेबलावर मांडून ठेवून गेली.

सोमवारी कारखान्याला सुट्टी. अण्णासो एकटेच शेडमध्ये आले. होडीच्या बाजूवर, पाणी जिथपर्यंत येणार तिथे चिकटपट्टी मारून त्यांनी सरळ रेघ धरली. मग डबा हातात घेतला. त्याच्यावरचं इंग्रजी बारीक अक्षर त्यांना चष्म्यातूनही लागलं नाही, पण तांबड्या चौकटीतलं एक चित्र लागलं. वठलेलं झाड, आणि त्याच्या बुडाशी पोट वर करून पडलेला मासा. हे वाचायला शाळा लागत नव्हती.

तरी त्यांनी झाकण उघडलं. तळाला बसलेलं तांबं काठीनं ढवळून वर आणलं. रोलर बुडवला, निथळला, होडीपर्यंत नेला. हात पुढे गेला नाही. इथं ऊस नव्हता, पोटाचा प्रश्न नव्हता. पोराची हौस होती, आणि त्या हौसेपायी ज्यांनी आपलं काही वाकडं केलं नाही अशा किती जिवांना आपण आज बसल्या जागी मारून ठेवणार याचा विचार करत ते उभे राहिले. रोलरवरून रंगाचे थेंब फरशीवर पडले. त्यांनी ते फडक्यानं पुसले आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

शेजारीच रेडऑक्साइडचा ड्रम होता. ट्रॉलीच्या लोखंडाला गंज धरू नये म्हणून आधी जो विटकरी, बिनचकाकीचा हात देतात, तो हा रंग. अण्णासोंनी आयुष्यभर दुसरं काही जवळून बघितलं नसेल इतका तो बघितलेला. डब्यातला रंग आणि हा, दोन्ही शेजारी ठेवले तर त्यांना स्वतःलाही फरक सांगता आला नसता.

दुपारपर्यंत त्यांनी दोन हात दिले. इतकं सुबक काम त्यांनी कुठल्या ट्रॉलीवर केलं नव्हतं. मग प्रश्न आला भरलेल्या डब्यांचा. ओढ्यात ओतावेत तर ओढ्यातले मासे मरणार. शेवटी मागच्या खोलीत मोडक्या ॲक्सलांच्या पाठीमागं ते ठेवले आणि वर पोतं टाकलं. शेडला कुलूप लावून घरी निघाले तेव्हा त्यांना फार हलकं वाटत होतं.

ते हलकेपण अभिनंदन परत येईपर्यंत टिकलं. त्यानं होडीभोवती एक फेरी मारली, वाकून पोटाखाली बघितलं, बोट फिरवलं.

"अण्णा, मुंबईच्या यार्डातबी असं काम बघितलं न्हवतं." आणि मग सहज विचारलं, "रिकामे डबे कुठं हायती?"

"भंगारात दिले," अण्णासो म्हणाले.

एवढं सोपं होतं ते. खोटं बोलायचं नाही हे व्रत त्यांनी घेतलं होतं, आणि मोडताना जिभेला साधी अडखळसुद्धा झाली नाही. रोहिणीनं तळाचे फोटो काढून आपल्या शिडाच्या होडीवाल्या मंडळींना पाठवले. कोचीहून कुणा कप्तानाचा निरोप आला, हा रंग कुणी लावला, त्या माणसाला माझा सलाम सांगा. तिनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. अण्णासो उठून हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते.

पर्युषण लागलं. दहा दिवस अण्णासो एकवेळ जेवले, सकाळ-संध्याकाळ मंदिरात बसले. दहा दिवसांत दहा धर्मांवर प्रवचन होतं. आर्जवाच्या, म्हणजे सरळपणाच्या दिवशी पंडितजी सांगत होते, मनात एक, ओठावर दुसरं आणि हातानं तिसरंच, अशा माणसाचं तप पाण्यात जातं. अण्णासो नेहमीप्रमाणे पुढच्या रांगेत होते. गुडघा धरल्याचं निमित्त करून ते उठले आणि चपला घालून बाहेर रस्त्यावर येऊन उभे राहिले. जिवांना वाचवलं, ही एवढी एक गोष्ट ते मनाशी धरून होते. पण ती धरली की तिच्याखाली दुसरं काहीतरी हलत होतं, आणि तिकडे बघायचं त्यांना धाडस होत नव्हतं.

पर्व संपल्यावर क्षमावणी. त्या दिवशी आमच्याकडे लहानमोठा, शेठ-गडी कुणीही कुणासमोर हात जोडतो आणि वर्षभरात जाणता-अजाणता घडलेल्याची क्षमा मागतो. ज्याच्याकडे मागितली त्यानं काय घडलं म्हणून विचारायचं नसतं. तोही हात जोडतो, उत्तम क्षमा म्हणतो, आणि दोन्हीकडचं मिटतं. पद्धत चांगली आहे. भावाभावांचे बांधावरचे तंटे मी स्वतः तिनं मिटलेले बघितले आहेत. ती अशा कामासाठी कुणी वापरेल असं मात्र घालून देणाऱ्यांच्या मनात आलं नसेल.

अभिनंदन एरवी मंदिराच्या वाटेला न जाणारा. पण त्या सकाळी तो आंघोळ करून सोप्यात आला आणि बापाच्या पायाशी वाकला.

"तुम्हाला न विचारता नोकरी सोडली," तो म्हणाला. "रंगाच्या वेळी कृष्णातचं बोललो, ते बोलायला नको हुतं. तुमचं मन दुखवून चाललोय. उत्तम क्षमा, अण्णा."

त्यानं आपली प्रत्येक चूक नावानिशी मांडली होती. अण्णासोंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आता त्यांची पाळी. सांगायचं असेल तर ही वेळ होती, पोरगं समोर होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्या तोंडून निघालं ते दरवर्षीचं वाक्य.

"जाणता-अजाणता माझ्याकडून काय घडलं असंल तर उत्तम क्षमा, बाळ."

"तुमच्याकडनं काय घडणार," अभिनंदन हसून म्हणाला. "उत्तम क्षमा."

झालं. क्षमा मिळाली. ज्यानं दिली त्याला कशाची दिली हे माहीत नव्हतं, आणि ज्यानं घेतली त्याला आपण ती लांबवली हे पुरतं माहीत होतं. त्या दिवशी पारण्याच्या ताटावर अण्णासोंनी दोनच घास खाल्ले. राजमतींनी विचारलं, "उपास संपले की, आता काय झालंय?" ते म्हणाले, काय न्हाय. हे दुसरं खोटं.

पितृपक्ष गेला, दसरा झाला. होडी न्यायला मोठा ट्रेलर ठरला. आदल्या दिवशी अण्णासो शेडमध्ये गेले तर रोहिणी एकटीच होडीच्या सावलीत सामान लावत बसली होती. दोर, दिवे, औषधं, आणि एका बाजूला पोहायचा चष्मा, पायात घालायचे रबरी कल्ले आणि रुंद पात्याची एक तासणी.

"ही कशाला गं?" त्यांनी तासणी उचलून विचारलं.

"तळ तासायला, मामा. मी खाली उतरणार की. ह्यांना श्वास धरता येत न्हाय, मी शिरोळची, नदीतच वाढले." ती हसली. "पण तुम्ही रंग इतका भारी दिलाय, तीन-चार महिन्यांनी एकदा बघितलं तरी चालंल."

"आणि रंग नसता तर?"

"बाई गं. मग दर आठ-दहा दिवसांनी खाली. बंदरात ठीक हाय, पण भर समुद्रात लाटेनं होडी वर-खाली आदळत असती. डोक्यात बसली तर संपलंच." ती दोराचं वेटोळं करत सहज बोलत होती. "आणि मला तासायला नको वाटतंय त्ये. जिवंत असतात ना. पात्याखाली कुरकुर फुटतात. मुंबईत एकदा केलं, दोन दिवस जेवण गेलं न्हाय. रंग असला की ती तिथं घरच करत न्हाईत, दुसरीकडं जातात बहुतेक."

अण्णासोंनी तासणी होती तिथे ठेवली. त्यांनी वाचवलेले जीव आता त्यांच्या सुनेच्या हातून, एकेक करून, जिवंत तासले जाणार होते, आणि तासताना तिचं डोकं होडीच्या तळाखाली असणार होतं. सांगून टाकावं असं त्यांना वाटलं. पण तेवढ्यात अभिनंदन आला, कृष्णात आला, उद्याची बोलणी सुरू झाली, आणि अण्णासो अंधार पडायच्या आत जेवायला म्हणून घरी गेले.

सकाळी क्रेन आली. गाव जमलं. राजमती आरतीचं ताट घेऊन उभ्या. क्रेनवाल्यानं होडीच्या पोटाखालून दोन रुंद पट्टे घातले, वर हुकात अडकवले, आणि विचारलं, "उचलू काय, मालक?"

"थांब," अण्णासो म्हणाले.

आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. सगळे वळून बघायला लागले. त्यांना अभिनंदनला बाजूला घेऊन सांगायचं होतं, पण आपण आता बाजूला गेलो तर पुन्हा वेगळंच काहीतरी बोलू हे त्यांना कळत होतं.

"तळाला ट्रॉलीचा रेडऑक्साइड हाय," ते म्हणाले. "तुझा रंग मी लावलाच न्हाय. डबे भंगारात न्हाईत, मागच्या खोलीत हायती. मी खोटं बोललो."

अभिनंदनला आधी समजलंच नाही. मग तो होडीपाशी गेला, नखानं तळ खरवडला, नखाखालची विटकरी भुकटी बघितली. कृष्णात खोलीत जाऊन एक डबा घेऊन आला. झाकणाच्या कडेला रंगाचा एकच ओघळ वाळलेला होता. क्रेनवाल्यानं इंजिन बंद केलं.

"रोहिणी खाली उतरणार हुती, अण्णा," अभिनंदन हळू म्हणाला.

"काल कळलं."

"काल. आणि आज सांगताय." तो बापाच्या समोर येऊन उभा राहिला. "क्षमावणीला माझ्याकडनं उत्तम क्षमा घेतलीसा. तेव्हा तरी सांगायचं. बरं, आता एवढंच सांगा. जिवांसाठी केलंसा, का मी जाऊ नये म्हणून?"

लोक ऐकत होते. जिवांसाठी, असं म्हटलं असतं तर मंदिरातल्या निम्म्या माणसांनी त्यांची बाजू घेतली असती.

"लावताना वाटलं जिवांसाठी," ते म्हणाले. "पण लावून घरला चाललो तेव्हा लई हलकं वाटलं. जीव वाचले म्हणून एवढं हलकं वाटत नसतंय. तू लांब जाऊ शकणार न्हाईस, परत फिरशील, म्हणून वाटलं त्ये."

राजमतींच्या ताटातला दिवा विझला होता. त्यांनी तो पुन्हा लावला नाही. अभिनंदन शेडबाहेर गेला, रस्त्याच्या कडेला शेडकडे पाठ करून बराच वेळ उभा राहिला, आणि परत आला तो क्रेनवाल्याला जायला सांगायला.

पुढचे काही दिवस रेडऑक्साइड घासून काढण्यात गेले. अण्णासो पहिल्या दिवसापासून पॉलिशपेपर घेऊन खाली बसले. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं, कुणी उठवलंही नाही. आपलंच सुबक काम आपल्या हातांनी उगाळून काढताना त्यांच्या केसांत, भुवयांत लाल भुकटी बसली. अभिनंदन त्यांच्याशी कामापुरतंसुद्धा बोलत नव्हता. काही हवं असेल तर रोहिणीला सांगायचा, आणि ती सांगायची, "मामा, हे म्हणतात सुकाणूच्या मागं राहिलंय."

तळ कोरा झाला. डबे उघडले. अभिनंदननं तांबं ढवळलं, मास्क चढवला, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा बापाकडे सरळ बघितलं.

"तुम्ही घरला जावा," तो म्हणाला. आवाजात राग उरला नव्हता. "मी लावतो. तुम्ही बघायलाबी नका थांबू."

अण्णासोंनी हात पुढे केला. "रोलर दे."

"अण्णा, व्रत हाय तुमचं."

"मोडंल. महाराजांच्या म्होरं जाऊन सांगीन मोडलं म्हणून. देतील त्ये प्रायश्चित्त घेईन, त्यांच्याकडं जाता तरी येतंय." त्यांनी ओठ पुसले. "तिकडं तुम्हा दोघांचं काय झालं असतं, तर मी कुणाच्या म्होरं जाऊन सांगितलं असतं?"

अभिनंदननं आपल्या तोंडावरचा मास्क काढून त्यांना बांधला, मागची गाठ मारली आणि रोलर हातात दिला.

हात या वेळी पुढे गेला. एकदा गेल्यावर अण्णासोंनी नेहमीसारखा एकसारखा, बिनडागाचा हात द्यायला सुरुवात केली, कारण वाईट काम त्यांना येतच नव्हतं. अभिनंदन डबा धरून त्यांच्याबरोबर सरकत राहिला. दुपारी राजमतींनी जेवण पाठवलं, ते अण्णासोंनी परत पाठवलं. पाणीही घेतलं नाही. पाप उतरलं असं त्यांना एक क्षणभरही वाटलं नाही. उलट एकेका हाताबरोबर ते मोजता येत नाही इतकं वाढत चाललं होतं. पण आता ते त्यांचं एकट्याचं होतं, आणि पोरं त्यांच्या खोट्यावर बसून समुद्रात जाणार नव्हती.

उन्हं कलली तेव्हा एक बाजू संपली. अण्णासो कंबर धरून उभे राहिले, आणि वाकून होडीच्या पोटाखालून दुसऱ्या बाजूला गेले.